रविवारचं दूध

१

टँकरचा कॉक उघडला आणि दूध पडायचं सोडून लोंबायला लागलं.

भावना जाधवनं काचेची कांडी बादलीत बुडवून वर उचलली. कांडीबरोबर हातभर तार वर आली, शेंबडासारखी, आणि तुटायचं नावच घेईना. जालन्याच्या त्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिला नऊ वर्षं झाली होती. नासकं दूध, पाणी घातलेलं दूध, युरिया कालवलेलं दूध, सगळे प्रकार तिनं पाहिले होते. पण एकाच गावचं, एकाच वाराचं दूध लागोपाठ पाचव्यांदा तार धरून यावं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. गव्हाळीच्या कूलरमधे, म्हणजे दूध गार ठेवायच्या मोठ्या टाकीत, रविवारी जमलेलं दोन हजार लिटर दूध सोमवारी जालन्यात आलं आणि थेट गटारीत गेलं. ऐंशी घरांचा घाम होता तो.

साहेबांनी तिला केबिनमधे बोलावलं.

"जाधव मॅडम, जास्त डोकं लावू नका. गव्हाळीच्या चेअरमननी चोर पकडलाय. कांताबाई म्हणून एक बाई आहे. येत्या रविवारी चारला सभा घेऊन तिचं नाव कमी करणार, आणि मुद्दाम दूध नासवलं म्हणून पोलिसात देणार. तुमचा अहवाल जोडायचाय फक्त. सही करा आणि या."

अहवालाचा कागद टाइप होऊन तयारच होता. 'दूषित होण्याचे कारण' या रकान्यात लिहिलेलं होतं: सभासद कांताबाई यांचे दूध.

भावनाचं डोकं तिथंच फिरलं. अजून तपासणी व्हायचीय, आणि कारण आधीच छापून मोकळे! मग मला पगार कशाचा देता, शिक्का उमटवायचा? तोंडावर आलेलं तिनं गिळलं, कागदाची घडी घालून पर्समधे कोंबली. सही करायची का कागद फाडायचा, ते गव्हाळीत जाऊन ठरवू म्हणाली.

२

गव्हाळी म्हणजे कुंभार पिंपळगावच्या पुढं, आत शिरलेल्या रस्त्यावरचं गाव. रविवारी सकाळी आठला भावना दूध केंद्रावर उतरली, तेव्हा चेअरमन बद्रीनाथराव पायरीवर वाटच पाहत होते. कपडे पांढरे स्वच्छ, बोलणं लोण्यासारखं.

"या मॅडम, या. चहा टाका रे जल्दी. तुमी कुठले जाधव म्हणायचं?"

"जालन्याचे."

"न्हाई, तसं न्हाई. मूळ?"

"मूळ दुधाचं बघू आधी," भावना म्हणाली आणि आत शिरली.

बद्रीनाथराव मागोमाग आले. "हे बघा, दुधाला तार येती ती फक्त रविवारच्या. अन् कांताबाई दूध घालती फक्त रविवारी. बाकी सहा दिवस तिचं दूध मिथुनच्या खव्याच्या भट्टीवर जातं, पिंपळगावला. भट्टी रविवारी बंद, म्हणून त्या दिवशी इकडं. सात रविवार झाले तिला मेंबर होऊन. आता तुमीच सांगा, डोकं खाजवायला उरलं काय?"

मुद्दा बिनतोड होता, हे भावनाला मान्य करावंच लागलं.

"सातही रविवारी नासलं?"

"पहिले दोन चांगले गेले. मंग पाच नासले. मिथुननं फूस लावली आसंल, केंद्र बंद पडलं की सगळं दूध त्यालाच. माझं तसं काही न्हाई हो कांताबाईबद्दल. पण बाकीच्याइला चालत न्हाई."

काय चालत नाही, हे ते बोलले नाहीत.

दुधाचं फॅट तपासायच्या मशीनवर शीतल बसली होती, बद्रीनाथरावांची पुतणी. विशीतली, हुशार, आणि आज विनाकारण घाबरलेली.

"सगळ्यांचं दूध याच भांड्यात ओततेस ना?" भावनानं मधल्या मोठ्या स्टीलच्या भांड्याकडं बोट केलं.

"हो मॅडम. बिलकुल याच्यातच," शीतल म्हणाली. म्हणताना बघत होती काकांकडं.

भांडं लख्ख होतं. तिथून कूलरकडं जाणारा स्टीलचा पाइपही आतून लख्ख. रोज गरम सोड्यानं धुतात, ते दिसतच होतं. पण कूलरच्या तोंडाशी पाइपाला एक फाटा होता आणि फाट्याला टोपण बसवलं होतं.

"हे काय?"

"जुना फाटा हाय. कधीचा बंदच हाय," बद्रीनाथराव म्हणाले.

टोपणाच्या आट्यांतून पांढरी टेप डोकावत होती, कोरी करकरीत. कधीचा बंद म्हणे! टेपवर धुळीचा कणसुद्धा बसला नव्हता. फाट्यापासून भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीला बारीक भोकांची ओळ निघाली होती, क्लिपा ठोकून उपटाव्यात तशी, आणि ती ओळ जाऊन पेंडीच्या पोत्यांच्या थप्पीमागं गडप झाली होती.

भावना पोत्यांकडं निघाली तसे बद्रीनाथराव आडवे आले.

"तिकडं उंदरं हायत मॅडम. तुमी बसा, चारला सभा हाय. जमादार बी येनार हायत, तक्रार लिहून घ्यायला."

३

कांताबाईचं घर गावाच्या खालच्या अंगाला. दारात दोन म्हशी, खाली झाडून घेतलेला गोठा. कांताबाई पन्नाशीची, काटक, आणि संतापानं लाल. दुधानं भरलेला कॅन तिच्यासमोर तसाच होता. आज केंद्रानं तिचं दूध घेतलंच नव्हतं.

"आल्या का? घ्या, लिहून घ्या. कांताबाईनं इख कालवलं म्हणून लिहा!"

"जय भीम, मावशी," भावना हळूच म्हणाली.

कांताबाई बघतच राहिली. मग तिनं पदरानं खाट पुसली आणि भावनाला बसायला सांगितलं.

भावनानं पिशवीतून काचेच्या नळ्या काढल्या. कॅनमधलं कच्चं दूध एका नळीत घेतलं, निळ्या औषधाचे थेंब टाकले, बूच लावलं आणि कोमट पाण्याच्या थर्मासमधे ती नळी उभी केली.

"जंतू जितके जास्त, तितका हा निळा रंग लवकर उडतो. घाण दूध अर्ध्या तासात पांढरं पडतं. चांगलं दूध पाच तास निळं राहतं. आता नऊ वाजलेत."

मिथुन तिथंच गोठ्याच्या कठड्यावर बसला होता, भट्टी बंद म्हणून आलेला. चेअरमन काय म्हणतात ते ऐकून उसळलाच.

"मी फूस लावली? दोन वर्षं झाले मी हिचं दूध घेऊन राह्यलो मॅडम. खवा कधी बिघडला न्हाई."

"खव्याचं सांगू नका. उकळल्यावर सगळेच जंतू मरतात."

"मंग कच्च्याचं सांगतो. संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत कॅनमधे ऱ्हातं माझ्याकडं, बर्फाच्या पाण्यात. आजवर तार न्हाई आली."

हे मात्र वजनदार होतं. भावना विचारात पडली. बाईचं दूध चांगलं असेल तर रविवारीच का नासावं? आणि बाईचं नसेल, तर बाई यायच्याच दिवशी का? दोन्ही गोष्टी खऱ्या, पण एकमेकींशी जुळत नव्हत्या. मग तिला त्या भिंतीवरच्या भोकांची ओळ आठवली.

"मावशी, केंद्रात शिरलं की फॅटचं मशीन कुठल्या हाताला आहे हो?"

साधा प्रश्न. सात रविवार दूध घालणाऱ्या बाईला झोपेत सांगता यावं. कांताबाईनं मान फिरवली.

"मला काय म्हाईत? मी आत कुठं गेल्ते?"

४

जास्त काही बोलायला कांताबाई तयार नव्हती. "इचारू नको बाई. तोंड उघडलं तर गावात राहायची सोय ऱ्हानार न्हाई," एवढंच म्हणाली. भावना तडक केंद्राच्या मागच्या बाजूला गेली. रागानं तिची कानशिलं तापली होती. पाय आपोआप भरभर पडत होते.

मागच्या भिंतीला एक लहान खिडकी होती. आतून पोत्यांनी बुजवलेली. खिडकीखाली उभं राहायला एक सपाट दगड मांडलेला. शेजारी नळावर सोनूबाई दुधाचे कॅन घासत होती. केंद्रातली धुण्याची सगळी कामं तिच्याकडंच होती.

"सोनूबाई, हा दगड कशासाठी आहे?"

सोनूबाईचा हात थांबला. "आसाच हाय."

"कांताबाई यावर उभी राहून खिडकीतून दूध ओतते. तिचा कॅन आत आणायचा नाही, तुमच्या भांड्याला लावायचा नाही. खिडकीतून नळीत, नळीतून त्या फाट्यात, फाट्यातून कूलरमधे. बरोबर का?"

"बाई, माझं काही न्हाई हो. पण लोकाइला..."

"लोकांचं राहू द्या!" भावना एवढ्या जोरात ओरडली की झाडावरचे कावळे उडाले. "नळी कुठंय ते सांगा."

सोनूबाईनं कडब्याच्या गंजीकडं पाहिलं. मागं गुंडाळी पडली होती, पांढऱ्या प्लास्टिकची, वीस-बावीस फूट लांब. तुमी येनार म्हणून काल काढली, असं ती खालच्या आवाजात म्हणाली. संघानं तंबी दिली होती की कायद्यानं कुणालाही सभासद करावंच लागेल. मग चेअरमननी ही तोड काढली. कायदाही पाळला, आणि भांडंही 'सांभाळलं'.

"आणि ही नळी धुवायचं कोण?"

"मीच. पण तिला हात लावायचा न्हाई म्हणले. सोमवारी टाकी धुऊन ब्लिचिंग पावडरचं पाणी उरायचं ना बादलीत, त्येच्यात आजून पाणी घालायचे अन् खिडकीतून नळीत ओतायचे. निथळाया थोडीच काढती, तशीच भिंतीला ऱ्हायची पुढच्या रविवारपर्यंत."

"गरम सोडा नाही?"

"एका बाईच्या दुधासाठी कशाला खर्चा म्हणले."

भावनानं खिशातला चाकू काढून नळी मधोमध कापली. आतल्या भिंतीवर नखाएवढा जाड, करड्या रंगाचा गिळगिळीत थर होता. चाकूच्या टोकानं उचलला तर तार निघाली, हातभर लांब, सोमवारी टँकरखाली पाहिली होती तशीच.

५

चार वाजता केंद्राच्या पटांगणात शंभरेक माणसं जमली. दूध पाच वेळा गटारीत गेलेली माणसं ती. सगळी चिडलेली आणि सगळी कांताबाईकडं बघणारी. कांताबाई एका कडेला ताठ उभी होती. जमादार खुर्चीवर वही उघडून बसला होता.

"मॅडम अहवाल वाचतील," बद्रीनाथराव म्हणाले.

भावनानं टेबलावर थर्मास ठेवला आणि त्यातून काचेची एक नळी वर काढली. दूध निळंशार होतं.

"हे कांताबाईंचं दूध. सकाळी नऊला औषध टाकलं, आता चार वाजून गेले. सात तास झाले, रंग हलला नाही. तुमच्या केंद्रात याहून स्वच्छ दूध येत असेल तर हात वर करा."

भावनानं काचेची दुसरी नळी घेतली. तेच दूध, तेच औषध. फक्त कागदाच्या पुडीतून करडा गोळा काढून त्यात टाकला, हलवलं आणि नळी थर्मासमधे ठेवली. गोळ्यात जंतू इतके होते की रंग उडायला अर्धा तासही लागणार नव्हता.

"आता ऐका. चेअरमन म्हणतात दूध रविवारीच नासतं, कांताबाई आल्या की नासतं. खरंय. मी म्हणते त्यांचं दूध स्वच्छ आहे. तेही खरंय. मग त्यांच्या कॅनपासून कूलरपर्यंत अशी एकच वस्तू असणार, जिला फक्त त्यांचं दूध लागतं, तुमचं कुणाचं लागत नाही."

तिनं कापलेली नळी टेबलावर आपटली. बद्रीनाथरावांचा चेहरा उतरला.

"तुम्ही ही लपवली ती कायद्याच्या भीतीनं. दूध हिच्यामुळं नासतंय, हे तुमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कारण ही नळी तुम्हाला वेगळी वाटतच नव्हती, रीतच होती ती तुमची!"

"नळीनं काय होतंय मॅडम?" मागून कुणीतरी विचारलं. "दूध तर आमचं बी पाइपातूनच जातं."

"तुमच्या पाइपातून रोज दूध धो धो वाहतं, रोज गरम सोडा फिरतो. यात दूध आठवड्यातून एकदा. उरलेलं आत साचून राहतं. दुधात एखाद-दुसरा जंतू असतोच, तुमच्याही असतो. तो वाहता असला की एकटा असतो, काही करत नाही. पण त्याला कळतं हो! आपण भिंतीला टेकलो, हे कळतं. पाणी थांबलं, हे कळतं. आपल्यासारखे आजूबाजूला किती आहेत, हेसुद्धा कळतं. प्रत्येक जण अंगातून एक रस सोडतो. वाहत्या पाइपात तो रस धुऊन जातो, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. थांबलेल्या नळीत तो साठत जातो. साठला की सगळ्यांना एकदम समजतं की आता आपण पुरेसे झालो. मग सगळे मिळून अंगावर हा चिकट थर ओढून घेतात आणि आत मजेत राहतात. पहिले दोन रविवार दूध का नासलं नाही? कुणी विष कालवलं असतं तर पहिल्याच दिवशी नासलं असतं. ते दोन आठवडे हे मोजत होते, आपण किती झालो ते."

"अन् पावडरचं पाणी?" सोनूबाईनं घाबरत विचारलं.

"कडक असतं तर मेले असते. पाणी घालून घालून पुचाट केलेलं, त्यानं मरत नाहीत, सावध होतात. संकट आलं म्हणून थर आणखी घट्ट करतात. आणि यातल्या काहींना गारठा मानवतो, कूलरमधेसुद्धा वाढतात. दर रविवारी कांताबाईंचं चांगलं दूध हा थर खरवडत तुमच्या दोन हजार लिटरमधे जायचं. दूध वेगळं ठेवायला निघालात आणि शेवटी ओतलंत एकाच टाकीत! नासवलं कुणी? तिनं का तुम्ही?"

भावनानं थर्मासमधून दुसरी नळी काढून उंच धरली. निळा रंग उडाला होता, तळापासून वरपर्यंत.

पटांगणात गलका उठला. जो तो चेअरमनकडं बोट करायला लागला. "आमाला कुठं म्हाईत व्हतं?" "माझं तर काहीच न्हाई!" "मी म्हनलंच व्हतं!"

"गप बसा!" भावनाचा आवाज चिरकला. "सकाळपासून हे वाक्य ऐकतेय मी. माझं काही न्हाई, पण बाकीच्यांना चालत न्हाई. ऐंशी घरं, आणि ऐंशीच्या ऐंशी म्हणणार माझं काही न्हाई! मग त्या दगडावर ही बाई सात रविवार कुणासाठी उभी राहिली? तुमच्यातल्या एकानंही ती पाहिली नाही?"

मग मशीनवरची शीतल उठून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"काकांनी सांगितलं अन् भिंतीला क्लिपा मी ठोकल्या. मॅडमला खोटं बी मीच सांगितलं. लिहून घ्या."

जमादारानं वहीतलं कांताबाईचं नाव खोडलं आणि बद्रीनाथरावांकडं पाहिलं. ठराव कुणी मांडलाच नाही. भावनानं पर्समधला छापील अहवाल काढला, सगळ्यांसमोर फाडला आणि कोऱ्या कागदावर नवा लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात नळी लिहिली, ती का बसवली तेही लिहिलं, आणि खाली जबाबदार म्हणून बद्रीनाथरावांचं नाव घातलं.

६

पुढच्या रविवारी भावना पुन्हा आली. खिडकी विटांनी बुजवली होती, फाटा कापला होता, कूलर दोनदा उकळत्या सोड्यानं धुतला होता. कांताबाईनं पोलिसात आपला अर्ज दिला होता. मागं घे म्हणून गावातले तीन जण येऊन गेले, तिनं तिघांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

बद्रीनाथराव पायरीवरच होते, आज जरा कडेला. भावना जवळून जाताना त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, येक इचारू? तुमी नेमके कुठले जाधव?"

भावना थांबली. उत्तर तिनं त्यांच्या डोळ्यांत बघून दिलं.

"खिडकीतले."

ती आत गेली. रांग लागली होती. शेवटी कांताबाई आली, डोक्यावर पदर, हातात कॅन. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कांताबाईनं उंबऱ्यावर थांबून सगळीकडं नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मशीन कुठल्या हाताला हाय?"

"डाव्या हाताला, मावशी," शीतल उठून म्हणाली. "या."

कांताबाई डावीकडं वळली. फॅट लागलं आठ, सगळ्या रांगेत जास्त. मग तिनं कॅन उचलला आणि मधल्या मोठ्या भांड्यात, सगळ्यांच्या दुधात, शेवटच्या थेंबापर्यंत उपडा केला. रिकामा कॅन खाली ठेवून ती बद्रीनाथरावांकडं वळली.

"मिथुनला सांगून टाकलंय. आता रविवारपुरती न्हाई, रोज येनार."